धुमाईचा चष्मा

ज्या बाईला कादंबरीकार व्हायचं असेल, तिने नोटांच्या छापखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाशी लग्न करू नये. हे मी अनुभवाने सांगते. आमचे हे, म्हणजे जयराम पगारे, नाशिक रोडच्या छापखान्यात होते. त्यांच्याकडे छापलेला कागद अख्ख्या देशाला हवा असायचा. मी छापून घेतलेला कागद आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडून असायचा आणि झाडताना केरसुणी त्याला अडायची. ह्यांनी कधी चेष्टा केली नाही, हे तर जास्तच वाईट होतं. जेवताना एखादा घास थांबवून नुसतं म्हणायचे, "कागद मात्र चांगला वापरलाय हो तुझ्या पुस्तकाला."

आता हे नाहीत. कॉलनीतली ती बैठी घरंही राहिली नाहीत. पण सकाळी कुठे भोंगा वाजला की अजून माझा हात डब्याच्या झाकणाकडे जातो. तेव्हा भोंग्यावर सगळी कॉलनी चालायची. पहिल्या भोंग्याला पोळ्या, दुसऱ्याला सायकलींची रांग, आणि मग मी शाळेतून परत आले की दुपारी माझं लेखन. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पोळपाट उलटा घालून त्यावर कागद ठेवून. त्या पोळपाटावर मी तीन लढाया मारल्या आणि एक राजधानी जाळली.

मला इतिहासाची आवड फार. पण खऱ्या इतिहासाची एक अडचण असते, ती म्हणजे वंशज. कोणाचाही पूर्वज युद्धात जरा मागे सरकला की वंशज पुढे सरसावतात. म्हणून मी गड काल्पनिक घेतला. सरदार काल्पनिक घेतला. आणि गड आपलाच आहे म्हटल्यावर त्यात राक्षसीण ठेवायला कोणाची परवानगी लागते? इगतपुरीच्या घाटात एकदा एसटी धुक्यामुळे खोळंबली होती, तेव्हा मला ती सुचली. धुमाई. सगळं धुकं पोटात घेऊन बसलेली, मनात आलं की सोडणारी, शत्रूची फौज वाट चुकवणारी. शेवटच्या प्रकरणात येसबा सरदार तिचं डोकं उडवतो. ते प्रकरण लिहिताना मी स्वतः रडले होते, आणि डाळ लागली होती.

शेजारच्या अंबूबाईंनी हस्तलिखित वाचायला नेलं. अंबूबाई माहेरच्या घोटीच्या, बोलायला मोकळ्या, आणि सल्ला द्यायला त्याहून मोकळ्या. चार दिवसांनी कुंपणावरून म्हणाल्या, "चांगुणाताई, राक्षसीण झकास जमलीय. पण तिला एक सून द्या."

"सून कशाला?"

"अहो, नुसतीच वाईट आहे ती. सून आली म्हणजे का वाईट आहे ते कळेल लोकांना."

मी सून दिली नाही. कलावंताने कुठेतरी ठाम राहावं लागतं.

शहाण्णव साली आमच्या इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत धुमाई क्रमशः सुरू झाली. पुरवणी पाहणारा सुनील नावाचा उत्साही मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, लेखिकेचा फोटो लागेल." माझ्याकडे शाळेच्या ओळखपत्राचा एकच फोटो होता. तो काढताना स्टुडिओवाला इतक्यांदा "बाई, हलू नका" म्हणाला होता, की शेवटी माझ्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने टिपलं. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, घट्ट अंबाडा, डाव्या नाकपुडीशी तीळ आणि समोरच्याने गृहपाठ केलेला नाही अशी नजर.

पुरवणी आली. वर ठळक अक्षरांत 'धुमाई'. त्याच्या बरोबर खाली माझा फोटो. माझं नाव जागेअभावी आतल्या पानावर, तेही एका साबणाच्या जाहिरातीच्या पोटात. हे बराच वेळ पान न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." मी सुनीलला फोन करायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. तो म्हणाला, "मॅडम, पानाची रचना आता ठरून गेली." आणि दर रविवारी तो फोटो त्याच जागी येत राहिला. आमचा दूधवाला मला धुमाईबाई म्हणू लागला. त्याने कादंबरी वाचली नव्हती. त्याला ते माझं नाव वाटलं होतं.

क्रमशः संपलं आणि मला पुस्तकाचे वेध लागले. आता मात्र पलंगाखाली गठ्ठे नको होते. साठीच्या आत माझं एक तरी पुस्तक दुसऱ्या कोणीतरी, आपण होऊन, छापलेलं मला पाहायचं होतं. वर 'ऐतिहासिक कादंबरी', खाली 'चांगुणा पगारे'. एवढंच मागणं होतं. मला ते फार वाटत नव्हतं.

शहरात एक साहित्यसंस्था होती, ती दरवर्षी एक कादंबरी काढायची. तिथल्या कारकुनाने हस्तलिखित हातात तोललं आणि विचारलं, "कोणत्या विभागात घालायची? ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण?"

"थोडी ऐतिहासिक, थोडी अद्भुत."

"अद्भुत म्हणजे बालवाङ्मय. तळमजला."

मी तळमजल्यावर गेले. तिथल्या बाईंनी मधलंच पान उघडलं आणि दचकून मिटलं. "ताई, ह्यात मुंडकी उडताहेत."

"तीन-चारच आहेत."

"मग वरच न्या."

मी पुन्हा वर. असं मी त्या जिन्यावरून इतक्यांदा गेले-आले की येसबा सरदारही गड चढून इतका दमला नसेल. अखेर हस्तलिखित संस्थेच्या निवड समितीतल्या प्राध्यापक धनराज कोठुळे यांच्याकडे गेलं. कोठुळे सर सज्जन गृहस्थ. झब्ब्याच्या खिशात चार पेनं, आणि प्रत्येक वाक्याला आधार लागायचा.

"येसबा सरदारांचा काळ कोणता धरायचा?"

"धुकं फार पडायचं, त्या सुमाराचा."

"हा गड नकाशात नाही."

"धुक्यात आहे ना, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पगारेबाई, लेखणी तुमची चांगली आहे. पण ऐतिहासिक म्हणून काढायची तर एखादा स्थानिक आधार हवा. एखादी समाधी, एखादं गाणं, म्हाताऱ्याची आठवण. काहीही चालेल. आधार आणा, पुस्तक काढतो."

घरी येऊन मी अंथरूण धरलं. स्वतःच्या मनातून काढलेल्या बाईचा आधार मी कुठून आणू? हे म्हणाले, "तूच आधार नाहीस का?" पण समितीला असला आधार चालत नाही, तिला मेलेला माणूस लागतो.

आणि बरोबर त्याच आठवड्यात अंबूबाई माहेराहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत कुंपणाशी. "चांगुणाताई, ऐकलंत का? आमच्या घोटीच्या वर धारशेत म्हणून पाडा आहे. तिथल्या बोहाड्यात तुमची धुमाई निघते!"

बोहाडा म्हणजे आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला देवादिकांच्या मुखवट्यांचा उत्सव. गावात एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. संबळाच्या तालावर सोंगं नाचत येतात आणि शेवटच्या दिवशी ऊन वर येईपर्यंत नाचतात. गणपती, मारुती, रावण सगळे असतात. पण धुमाई?

"नाव नक्की धुमाईच?"

"माझ्या वहिनीने डोळ्यांनी पाहिली. धुकं खाते म्हणे."

मी त्या भागात कधी उतरलेसुद्धा नव्हते. एसटीच्या खिडकीतून धुकं पाहिलं, तेवढंच. म्हणजे मी कल्पना म्हणून जे लिहिलं, ते डोंगरात खरंच होतं! माझी प्रतिभा सरळ जाऊन इतिहासाला भिडली होती. पुढचे दोन दिवस मी स्वतःशी फार आदराने वागले. आमटीत मीठ विसरलं तरी मला कोणी काही बोललं नाही.

वैशाखात आम्ही निघालो. मी, हे, अंबूबाई आणि वही-कॅमेऱ्यासह कोठुळे सर. घोटीला अंबूबाईंच्या भावाकडे मुक्काम केला आणि पहाटे जीपने वर. जीपमध्ये सर मला म्हणाले, "पगारेबाई, तुम्हाला हे आधी माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत! हा विनय बरा नव्हे." मी विनयाने गप्प बसले. शिवाय तोंड उघडलं असतं तर वळणावर पोहे बाहेर आले असते.

धारशेतला पोहोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. मांडवाभोवती सगळं गाव बसलेलं, पोरं आयांच्या मांडीवर पेंगलेली. एका म्हातारीने आम्हाला गोणपाट सरकवून जागा दिली. तिला सगळे अक्काबाई म्हणत. संबळ थांबला. कोणीतरी ओरडलं, "आली, धुमाई आली!" पेंगलेली पोरं खाडकन उठून बसली.

आणि ती आली.

निळंकाळं तोंड. बाहेर लोंबणारी लाल जीभ. दोन सुळे. इथपर्यंत ठीक होतं. पण डोक्यावर घट्ट अंबाडा होता. डाव्या नाकपुडीशी ठसठशीत तीळ होता. आणि डोळ्यांवर जाड काळ्या तारेचा चष्मा होता.

कोठुळे सरांनी मुखवट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मुखवट्याकडे. अंबूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हे माझ्या कानाशी वाकून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "गॅस मध्येच संपतो ना, तेव्हाचं तुझं तोंड आहे हे."

मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. त्यामुळे पुढचा नाच मला नीट दिसला नाही, पण मी कोणाला दिसण्यापेक्षा ते बरं होतं. धुमाई गरागरा फिरली, पोरांच्या अंगावर धावून गेली, पोरं किंचाळून हसली. मग तलवार घेऊन येसबा आला. माझं शेवटचं प्रकरण! येसबाने तलवार उचलली, धुमाईने हात वर केला, आणि त्या बाबाने तलवार खाली ठेवून तिच्या पायावर डोकं टेकलं. सगळ्या गावाने हात जोडले.

"अहो, पण तो तिला मारतो!" मी ओरडलेच.

अक्काबाईने माझ्याकडे मान वळवली. "कोन म्हनलं?"

"म्हणजे... पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकवाल्याला काय कळतंय? तिला मारल्याव भाताला धुकं कोन देईल? तू देशील?"

इतकी वर्षं झाली, समीक्षकांनी माझ्या कथानकातली एवढी मोठी चूक कधी दाखवली नव्हती. अर्थात समीक्षकांनी काहीच दाखवलं नव्हतं.

नाच संपल्यावर सरांनी मुखवटे करणाऱ्या झिपरू भांगरेला गाठलं. काटक म्हातारा, कानात बाळी, बोटांना रंग. सर वही उघडून बसले.

"बाबा, हे सोंग किती जुनं?"

झिपरूने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. "लय जुनं हाय."

"अंदाजे?"

"आज्याच्या आज्यापासनं धरा."

"आणि चष्मा कसा?"

"तिच्याभोवती सारखं धुकं. दिसत नाय तिला."

सरांचा चेहरा उजळला. परतीच्या जीपमध्ये ते थांबतच नव्हते. प्राचीन काळी डोंगरी लोकांना बिलोरी काचेचं ज्ञान असावं, असं त्यांना वाटू लागलं होतं. मी म्हटलं, "सर, मला वाटतं हा प्रकार तितका जुना नसावा. ते तोंड तुम्हाला ओळखीचं नाही का वाटलं?"

"वाटलं ना!" सर म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं ह्या विषयात बुडालात, की तुमच्यावर त्याची छाया पडलीय."

बायको नवऱ्यासारखी दिसायला लागते हे मी ऐकलं होतं. लेखिका राक्षसिणीसारखी दिसायला लागते, हे त्या दिवशी ऐकलं.

महिन्याभरात समितीचा निर्णय आला. आधार भक्कम होता, इतका भक्कम की कादंबरी उरलीच नाही. 'प्रस्तुत लेखन ही मौखिक परंपरेतील प्राचीन लोककथा असल्याने ती स्वतंत्र निर्मिती मानता येत नाही. तथापि लोककथामालेत तिचा समावेश करण्यात येईल. संकलक : श्रीमती चांगुणा पगारे.'

संकलक! माझ्या पोळपाटावर जन्मलेली पोर, आणि मी तिची संकलक! मी वर गेले, तळमजल्यावर गेले, सरांच्या घरी गेले. "सर, मी शपथेवर सांगते, ती मी रचली." सर समजुतीने हसले. "मोठ्या कलावंतांना असा भास होतो, बाई." शिवाय त्यांनी शेवट बदलायला लावला. येसबाने पाया पडायचं. परंपरेशी प्रतारणा नको. तो मी बदलला. खरं सांगायचं तर, घरी येऊन पोळपाट उलटा घातला आणि लिहून पाहिला, तेव्हा तोच शेवट चांगला होता. ह्याचा राग वेगळा.

अंबूबाई म्हणाल्या, "नाव आलं ना पुस्तकावर? मग झालं. आणि आता तरी सून घाला, परंपरेत असतेच."

हे फाटकाशी सायकल पुसत होते. फडकं पिळत म्हणाले, "मी एवढी वर्षं नोटा छापतोय. प्रत्येकीवर सही दुसऱ्याची. मी कधी बोललो?" त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. आज त्या वाक्यासाठी मी काहीही देईन.

पुस्तक निघालं आणि दुष्टपणे खपलं. आवृत्त्यांमागून आवृत्त्या. शाळाशाळांतून गॅदरिंगला धुमाई नाचू लागली, आणि प्रत्येक शाळेत तिला चष्मा असायचा. मला 'लोकसाहित्याच्या अभ्यासक' म्हणून बोलावणी येऊ लागली. "बाईंनी दऱ्याखोरी पायाखाली घालून हा ठेवा गोळा केला," असं प्रत्येक सूत्रसंचालक सांगायचा, आणि वळणावर पोहे सांभाळणारी मी शालीखाली गप्प बसायची. नामपूरच्या एका शाळेत एक चुणचुणीत मुलगी, पल्लवी तिचं नाव, उभी राहिली. "मॅडम, तुम्ही स्वतः कधीच काही रचलं नाही का?" सभागृहात टाळ्या पडल्या. मी पाणी प्याले.

पुढे हे निवृत्त झाले, सायकल गेली, एसटीडी बूथच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. माझी साठीही मागे पडली. पलंगाखालचे गठ्ठे ह्यांनी माझ्यामागे एका रविवारी रद्दीत घातले आणि तिथे वाकून दाखवत म्हणाले, "बघ, केरसुणी कशी फिरते." मी आता लिहीत नव्हते. संकलकाला नवीन सुचून उपयोग काय?

दोन हजार सातच्या उन्हाळ्याआधी एका दुपारी दार वाजलं. दारात एक म्हातारा, कानात बाळी, खांद्यावर तांदळाची पिशवी. मला ओळखायला क्षण लागला. त्याला लागला नाही.

"आली का लक्षात? झिपरू. धारशेतचा. अंबूबाईच्या भावानं पत्ता दिला."

ह्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. झिपरूने पिशवी माझ्यापुढे ठेवली. "नव्या भाताचं हाय. काम हाय तुमच्याकडं. तुमचं नाक उंदरांनी खाल्लं."

"माझं?"

"तुमचंच. मुखवट्याचं. घर गळलं, वरनं उंदीर. आता नवं करायचं. पहिल्या टायमाला पेपरातला फोटू व्हता, तो बी भिजला. म्हनलं, फोटू कशाला शोधायचा, बाई हाय की."

मी विचारलं, "झिपरूबाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"ह्ये बघा, मुखवट्याला कागदाचा लगदा लागतो. घोटीहून रद्दी आनायची. भिजवायच्या आधी सून वाचून दाखवायची. तुमची धुमाई निघाली की सगळा पाडा ऐकायला. पुढचा कागद यायला उशीर झाला की पोरं मला शिव्या द्यायची. शेवटचा कागद आलाच नाय. मंग आम्हीच लावला शेवट."

"आणि आज्याच्या आज्यापासून?" माझा आवाज नको तितका चढला. "तुम्ही त्या सरांना तसं का सांगितलंत? माझं पुस्तक गेलं त्यात!"

झिपरूने बाळी चाचपली. त्याला माझा राग कळत नव्हता असं नाही. त्याला त्यात चूक दिसत नव्हती. "बाई, बोहाड्यात जे सोंग आलं, ते आल्या दिवशीच जुनं व्हतं. काल आलेलं म्हनून कोनी हात जोडतो का? तुम्ही समोर बसल्या व्हत्या. मला वाटलं, बाईचं सोंग कच्चं हाय असं मी कसं सांगू त्या साहेबाला? पक्कंच सांगितलं." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्यात सगळ्यांना ठावं हाय. काळू नाचतो ना धुमाई, तो मुखवटा चढवायच्या आधी पेपरवाल्या बाईच्या नावानं नारळ वाढवतो. मान हाय तुमचा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग खुर्ची उजेडात ओढली गेली. झिपरू समोर मांडी घालून बसला, हातात साच्यासाठी मातीचा गोळा. माझा नवा, बारीक सोनेरी काडीचा चष्मा त्याला पसंत पडला नाही. "जुना नाय? ह्याच्यानं पोरं वळखायची नाय." हे उठले, कपाटाच्या वरच्या खणातून छापखान्याच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला तो जाड काळा चष्मा काढून आणला. तो त्यांनी कधी ठेवून दिला होता, मला माहीत नव्हतं.

"केस पांढरे झाले की हो," मी म्हटलं.

"धुमाई म्हातारी व्हत नाय. काळेच करतो. आता जरा रागानं बघा."

आणि मला राग येईना. जन्मभर ज्या चेहऱ्याने वर्गच्या वर्ग गप्प केले, तो चेहरा ऐन वेळी हजर होईना. ओठ आपोआप पसरत होते. डोळे भरत होते. झिपरूने मातीला हात लावून काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "असं नाय, बाई. अशी धुमाई असती का? हिला तर पोरं चहा मागतील."

"अहो, काहीतरी करा ना," मी म्हटलं.

हे खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले, घसा खाकरला, आणि अगदी हळू, प्रेमाने म्हणाले, "संकलक."

"आस्सं!" झिपरू ओरडला. "आता हलू नका!"